पोगो पिन आणि टेस्ट प्रोब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोगो पिन म्हणजे नेमके काय? आत काय असते?

तीन भाग असतात. बाहेर धातूची बारीक नळी, म्हणजे बॅरल. तिच्यात पुढेमागे सरकणारा दट्ट्या, म्हणजे प्लंजर. आणि त्याच्यामागे दबलेली स्प्रिंग. प्लंजर बाहेर निसटू नये म्हणून बॅरलचे तोंड आत वळवलेले असते. बॅरल बहुधा पितळ किंवा फॉस्फर ब्रॉन्झचे असते. प्लंजर पितळ, बेरिलियम कॉपर किंवा कडक पोलादाचा, तर स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची किंवा म्युझिक वायरची (जास्त कार्बनच्या पोलादी तारेची). वर निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा मुलामा.

काम एकच: समोरच्या पॅडवर (बोर्डावरच्या धातूच्या उघड्या ठिपक्यावर) ठरावीक जोराने टेकून राहायचे आणि वीज पलीकडे न्यायची. सोल्डर नाही, स्क्रू नाही, प्लग नाही. बोर्ड तपासायच्या जिगमध्ये, म्हणजे बोर्ड धरून त्याला पिना टेकवणाऱ्या साच्यात, हीच पिन असते (तिथे तिला टेस्ट प्रोब म्हणतात), घड्याळाच्या चार्जिंग डॉकमध्येही हीच. पण दोन्हीकडे तिच्याकडून अपेक्षा इतक्या वेगळ्या असतात की एकीकडची पिन दुसरीकडे लावली की तक्रारी सुरू होतात.

वीज स्प्रिंगमधून वाहते का?

वाहू नये, आणि चांगल्या पिनेत फारशी वाहतही नाही. हा मुद्दा समजला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

स्प्रिंगची तार बारीक आणि लांब असते, त्यामुळे तिचा रोध जास्त. विजेचा खरा मार्ग म्हणजे प्लंजरच्या अंगावरून बॅरलच्या आतल्या भिंतीत. पण प्लंजर सहज सरकावा म्हणून दोघांमध्ये थोडी फट ठेवलेली असते. तो अगदी सरळ, मधोमध उभा राहिला तर भिंतीला नीट टेकणारच नाही. मग वीज नाइलाजाने स्प्रिंगची वाट धरते. प्रवाह मोठा असेल तर स्प्रिंग तापते, तिचा ताण उतरतो, टोकावरचा जोर कमी होतो, रोध वाढतो आणि ती आणखी तापते. जळालेल्या पिना उघडून पाहिल्या तर बहुतेक वेळा हीच साखळी दिसते.

यावर उपाय म्हणून प्लंजरचे मागचे टोक तिरके कापतात. स्प्रिंग त्या उतारावर रेटली की प्लंजर किंचित कलतो आणि भिंतीला घट्ट टेकतो. जास्त प्रवाहाच्या काही पिनांमध्ये स्प्रिंग आणि प्लंजर यांच्यामध्ये एक छोटी गोळी बसवतात. ती कडेला सरकून बॅरल आणि प्लंजर दोघांनाही चिकटून राहते. चार्जिंगसाठी पिन घेत असाल तर आत यातली कोणती रचना आहे हे पुरवठादाराला जरूर विचारा. उत्तर देता आले नाही तर दुसरा पुरवठादार बघा.

टोकाचे इतके प्रकार का? कोणते घ्यायचे?

पिनेपासून सुरुवात करू नका. समोर काय आहे ते आधी बघा.

पोगो पिन सरळ खाली उतरते, घासत जात नाही. पट्टीच्या कॉन्टॅक्टसारखी ती पृष्ठभाग खरवडून साफ करत नाही. पॅडवर ऑक्साइडचा किंवा फ्लक्सचा (सोल्डरिंगसाठी लावलेल्या रसायनाचा) थर असेल तर तो फोडायचे काम टोकाच्या आकाराला आणि जोरालाच करावे लागते.

सोन्याच्या स्वच्छ पॅडवर गोल किंवा सपाट टोक पुरते, आणि तेच लावावे. टोकदार पिन तिथे उगाच खड्डे पाडते. सोल्डर लागलेल्या पॅडवर किंवा सोल्डरच्या फुगीर ठिपक्यावर चार किंवा नऊ दात्यांचे मुकुटासारखे टोक चांगले. प्रत्येक दाता थोडा थोडा रुततो आणि एखादा घाणीवर बसला तरी बाकीचे काम करतात. मात्र दात्यांच्या खाचांत फ्लक्स साचतो, तेव्हा अशा पिनांना वरचेवर ब्रश फिरवावा लागतो. रिकाम्या ‘वाया’च्या (बोर्डाचे थर जोडणाऱ्या, धातू चढवलेल्या छिद्राच्या) तोंडावर भाल्यासारखे किंवा त्रिकोणी धारेचे टोक वापरा, ते कडांना धरते. बोर्डातून बाहेर आलेल्या घटकांच्या पायांसाठी आत खोलगट वाटी असलेले टोक घ्या, म्हणजे पाय निसटत नाही.

सर्वांत चिवट प्रकरण म्हणजे नो-क्लीन फ्लक्सचा (सोल्डरिंगनंतर न धुता ठेवायच्या फ्लक्सचा) वाळलेला थर आणि ओएसपी फिनिशचे (फक्त पातळ सेंद्रिय संरक्षक थर दिलेले) उघडे तांबे. ओएसपीचा सेंद्रिय थर वीज वाहू देत नाही. तिथे टोकदार पोलादी प्लंजर आणि जास्त जोराची स्प्रिंग लागते. त्याहून शहाणपणाचे म्हणजे पॅडवर सोल्डर पेस्ट छापून ते रीफ्लोमध्येच (पेस्ट भट्टीत वितळवतानाच) झाकून घेणे. हे पेस्ट छापायची स्टेन्सिल बनण्याआधी ठरवायचे असते, जिग बनताना नाही.

पी ५०, पी ७५, पी १०० यांचा अर्थ काय?

ही टेस्ट प्रोबच्या मापांची नावे. त्यांतले आकडे इंचाच्या हजाराव्या भागात आहेत आणि दोन पिनांमधले किमान अंतर सांगतात. पी ५० साठी १.२७ मिमी, पी ७५ साठी १.९१ मिमी आणि पी १०० साठी २.५४ मिमी. बॅरलचा व्यास अनुक्रमे ०.६८, १.०२ आणि १.३६ मिमी. त्यापुढचे अक्षर टोकाचा आकार सांगते.

जागा असेल तर नेहमी जाड पिन घ्या. पी ५० नाजूक असते, जरा आडवा धक्का बसला की वाकते. संपूर्ण जिग बारीक पिनांनी भरण्यापेक्षा जिथे दाटी आहे तेवढ्याच जागी त्या वापराव्यात.

पिन किती दाबायची?

पूर्ण प्रवासाच्या साधारण दोन तृतीयांश. मोठ्या टेस्ट प्रोबचा पूर्ण प्रवास ६.३५ मिमी असतो आणि तो ४.२४ मिमीपर्यंत दाबावा असे उत्पादक सुचवतात. कॅटलॉगमध्ये दिलेला जोरही याच स्थितीतला असतो, पूर्ण दाबल्यावरचा नाही.

कमी दाबली तर जोर अपुरा पडतो आणि बोर्ड जरासा वाकडा असला की एखादी पिन टेकतच नाही. तळापर्यंत दाबली तर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांवर आदळतात, प्लंजर खिळ्यासारखा ताठ होतो आणि सगळा भार पॅडवर येतो. उरलेला एक तृतीयांश प्रवास वाया गेला असे समजू नका. बोर्डाची जाडी, त्याचा बाक, जिगच्या प्लेटमधली तफावत, हे सगळे त्यात सामावले जाते. दाब हाताच्या अंदाजावर सोडू नये. जिगमध्ये ठाम अडथळे बसवा, म्हणजे कोणीही दाबले तरी खोली तीच राहील.

पिन थेट सोल्डर केली तर चालेल का?

बोर्डवर बसवण्यासाठी बनवलेल्या पिना चालतात. त्या रीफ्लोची उष्णता सहन करतील अशाच केलेल्या असतात. टेस्ट प्रोब मात्र थेट सोल्डर करू नका. म्युझिक वायरची स्प्रिंग साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे ताण गमावू लागते, आणि सोल्डरिंग आयर्न त्याच्या कितीतरी वर असते. शिवाय बॅरलचे मागचे तोंड उघडे असेल तर फ्लक्स आत ओढला जातो आणि प्लंजर चिकटतो.

त्यासाठी रिसेप्टॅकल, म्हणजे प्रोब बसवायची बाहेरची नळी, असते. पी ७५ चे रिसेप्टॅकल १.३२ मिमी जाड असते. ते प्लेटच्या छिद्रात ठोकून बसवायचे, तार त्याच्या शेपटीला जोडायची आणि प्रोब नुसता आत सरकवायचा. प्रोब झिजला की चिमट्याने ओढून नवा घालता येतो, तारांना हात लावावा लागत नाही. तार जोडण्याचे काम प्रोब घालण्याआधी उरका.

टेस्ट पॅड केवढे ठेवावे?

शक्य असेल तर १ मिमी व्यास, दोन पॅडच्या केंद्रांत २.५४ मिमी अंतर, आणि सगळे बोर्डाच्या एकाच बाजूला. ०.८ मिमीपर्यंत उतरता येते, पण मग प्लेटचे ड्रिलिंग आणि बोर्डाची पकड दोन्ही अधिक काटेकोर हवी. उंच कपॅसिटर किंवा कनेक्टर यांच्या अगदी कडेला पॅड ठेवू नका, पिनेला उतरायला जागा मिळत नाही. पॅडवर सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत संरक्षक थर) चढलेला नाही ना, हे गर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायचा आराखडा) पाठवताना एकदा डोळ्यांनी बघा. आणि बोर्डात किमान दोन गाइड छिद्रे ठेवा. बोर्डाच्या कापलेल्या कडेवरून जागा धरायची म्हटली तर कडेची तफावत थेट पिनांच्या नेमात उतरते.

पिना शेकड्यांनी असतील तर बोर्डाला धोका आहे का?

आहे, आणि तो बहुतेकांना उशिरा कळतो. एका पिनेचा जोर १०० ग्रॅम धरला तर ३०० पिना मिळून ३० किलो भार होतो. २०० ग्रॅमच्या स्प्रिंग घेतल्या तर ६० किलो. हा भार खालून वर येतो आणि वरून बोर्ड मोजक्या ठिकाणीच धरलेला असतो. मधला भाग फुगतो.

बोर्ड वाकला की पहिले बळी सिरॅमिक कपॅसिटर. ते ठिसूळ असतात. भेग सोल्डरच्या कडेपासून तिरकी आत जाते आणि बाहेरून दिसत नाही. घात असा की असा कपॅसिटर त्या क्षणी चाचणी पास होतो. पुढे भेगेत ओल शिरते, प्लेटा एकमेकींना भिडतात आणि ग्राहकाच्या हातात शॉर्ट होतो. जी जिग दोष शोधायला बनवली तिनेच दोष पेरलेला असतो. मला हा प्रश्न या संपूर्ण विषयात सर्वांत गंभीर वाटतो, आणि नेमक्या याच बाबतीत घाईत काटकसर केली जाते.

उपाय साधे आहेत. जिथे पिनांची दाटी आहे तिथे बरोबर विरुद्ध बाजूला आधाराचे खुंट ठेवा. पिना एकाच कोपऱ्यात न गर्दी करता पसरवा. मोठ्या बीजीए चिपच्या (जिची जोडणी खालच्या सोल्डरच्या गोळ्यांनी होते) कडांजवळ आधार नक्की द्या. उत्पादनासाठीची जिग असेल तर बोर्डावर स्ट्रेन गेज चिकटवून ताण मोजून घ्या. त्याची पद्धत आयपीसी/जेडेक ९७०४ या मार्गदर्शिकेत दिलेली आहे. आणि सगळे सिग्नल पिनेनेच तपासायचा हट्ट धरू नका. आयईईई ११४९.१ प्रमाणे बाउंडरी स्कॅन (चिपच्या पायांची जोडणी चिपमधूनच तपासण्याची सोय) असलेल्या चिपांमधली बरीच जोडणी चार-पाच तारांवरूनच तपासता येते. तेवढ्या पिना कमी, तेवढा भारही कमी.

नुसते फर्मवेअर टाकायचे आहे. एवढा खटाटोप लागतो का?

नाही. एसडब्ल्यूडीसाठी (मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम टाकण्याच्या एका जोडणीसाठी) डेटा, क्लॉक, ग्राउंड, पुरवठा आणि रीसेट, अशा पाच पिना पुरतात. टॅग-कनेक्टसारख्या केबलांत सहा पोगो पिना आणि जागा पकडणाऱ्या खुंट्या एकत्र मिळतात, बोर्डवर वेगळा कनेक्टर लागत नाही. स्वतःची जिग करायची तर दोन छोटे बोर्ड एकावर एक ठेवून, दोन्हींच्या एकाच छिद्रातून पिन घाला. दोन ठिकाणी धरलेली पिन सरळ राहते, एकाच ठिकाणी धरलेली डुगडुगते.

मिलिओहमच्या घरातला रोध मोजताना आकडे हलतात. पिन खराब आहे का?

पिन चांगली असली तरी हलतील. चांगल्या पिनेचाही रोध सुमारे ५० मिलिओहमपर्यंत असू शकतो आणि दर दाबागणिक थोडा बदलतो. १० मिलिओहमचा शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोधक) त्यातून कसा मोजणार? प्रत्येक बिंदूवर दोन पिना ठेवा. एकीतून प्रवाह सोडा, दुसरीने फक्त व्होल्टेज वाचा. ही चार तारांची केल्विन पद्धत. व्होल्टेज वाचणाऱ्या पिनेतून प्रवाह जवळजवळ नसतो, म्हणून तिचा रोध मध्ये येत नाही. त्यासाठी पॅडवर दोन पिनांची जागा मात्र डिझाइन करतानाच ठेवलेली हवी.

चार्जिंगसाठी एका पिनेतून २ अँपिअर घेता येतील का?

कॅटलॉगमध्ये २ अँपिअर लिहिले असेल तर त्याखालची ओळ वाचा. तो आकडा बहुधा मोकळ्या हवेत, एकट्या पिनेसाठी, ठरावीक तापमानवाढ गृहीत धरून दिलेला असतो. तुमच्या डॉकमध्ये चार पिना प्लास्टिकमध्ये चिकटून बसलेल्या असतात, उष्णता जायला वाट नसते.

गणित करून बघा. ५० मिलिओहम रोधातून २ अँपिअर गेले की ०.१ व्होल्ट पडतो आणि ०.२ वॅट उष्णता तयार होते. जाण्याची एक आणि येण्याची एक पिन धरली तर ५ व्होल्टमधले ०.२ व्होल्ट इथेच संपले. हे नव्या पिनेचे झाले. मळाने रोध २०० मिलिओहम झाला तर प्रत्येक पिनेत ०.८ वॅट. तांदळाच्या दाण्याएवढ्या भागासाठी हे फार झाले. म्हणून पुरवठ्याला दोन आणि ग्राउंडला दोन पिना द्या. पण दोन पिनांत प्रवाह अगदी समान वाटला जाईल असे मानू नका. ज्या पिनेचा रोध कमी ती जास्त ओढते. थोडी सवलत हाताशी ठेवूनच हिशेब करा.

चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जरमध्ये काय सांभाळायचे?

चुंबकाची ओढ सगळ्या स्प्रिंगांच्या एकत्रित जोरापेक्षा चांगली जास्त हवी, नाहीतर पिनाच उपकरणाला दूर ढकलतात. ही ओढ अंतरासोबत झपाट्याने घटते, तेव्हा ती वर प्लास्टिक चढवलेल्या तयार नमुन्यावर मोजा. चुंबकांची दिशा अशी ठेवा की उलटे लावायला गेले तर ते एकमेकांना ढकलतील. किंवा पिना आरशातल्यासारख्या समान मांडा, म्हणजे उलटसुलट कसेही लावले तरी चालेल. ॲपलने २००६ मध्ये मॅकबुक प्रोसोबत आणलेल्या मॅगसेफमध्ये हेच केले होते. पाच पिना, मधली ओळख पटवण्यासाठी, तिच्या दोन्ही अंगांना पुरवठा आणि सर्वांत बाहेर ग्राउंड.

ग्राउंडची पिन बाकीच्यांपेक्षा थोडी उंच ठेवा. जोडताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. आणि समोर खरोखर उपकरण आहे हे कळल्याशिवाय डॉकने पूर्ण व्होल्टेज सोडू नये. उघड्या पिनांवर किल्ली किंवा नाणे पडणारच आहे.

घड्याळाच्या चार्जिंग पॅडवर हिरवे-काळे डाग पडतात. मुलामा हलका आहे म्हणून का?

मुलामा हे अर्धेच कारण. घाम म्हणजे मिठाचे पाणी. दोन पॅडमध्ये व्होल्टेज असेल आणि वर घाम असेल तर ते इलेक्ट्रोलिसिसचे भांडेच झाले. धन बाजूच्या पॅडचा धातू विरघळू लागतो. सोन्याचा थर पातळ असेल तर त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचे निकेल आणि तांबे बाहेर येते. हिरवा रंग तांब्याचा. क्लोराइडच्या पाण्यात धन टोकावर सोने स्वतःही विरघळते, तेव्हा नुसता मुलामा जाड करून प्रश्न मिटत नाही, पुढे ढकलला जातो.

आधी हे तपासा: घड्याळ मनगटावर असताना मल्टिमीटरने दोन पॅडमधले व्होल्टेज मोजा. शून्याच्या जवळ हवे. बॅटरीचे व्होल्टेज उलटे बाहेर गळत असेल तर आत मॉस्फेट किंवा डायोड घालून ते अडवा. त्यानंतर मुलाम्याचा विचार करा. घामाशी संबंध येणाऱ्या कॉन्टॅक्टवर ऱ्होडियम-रुथेनियम किंवा प्लॅटिनमचे थर वापरतात, ते इलेक्ट्रोलिसिसला सोन्यापेक्षा बरेच जास्त टिकतात.

पॅड थेट बोर्डाचेच असेल तर आणखी एक अडचण. नेहमीच्या एनिग फिनिशमध्ये (निकेलवर पातळ सोने) सोने सुमारे ०.०५ मायक्रॉन असते. ते सोल्डरिंगसाठी आहे, रोजच्या घासण्यासाठी नाही. तिथे ०.७५ मायक्रॉनच्या आसपासचे कडक सोने मागवा.

पिना साफ कशा करायच्या?

मऊ ब्रशवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल, पिन खाली तोंड करून. पिन द्रावणात बुडवू नका, विरघळलेली घाण बॅरलमध्ये शिरते आणि वाळली की प्लंजर अडकतो. तेल-ग्रीस नको, त्यावर धूळ चिकटते. सँडपेपर तर कधीच नको. मुलामा तिथल्या तिथे जातो, आणि बेरिलियम कॉपर घासल्यावर उडणारी धूळ श्वासात जाणे आरोग्याला घातक आहे.

कधी पास, कधी फेल. सुरुवात कुठून करू?

पॅडपासून. तपासून झालेला एक बोर्ड भिंगाखाली धरा. प्रत्येक पॅडवर पिनेने आपली खूण सोडलेली असते आणि ती स्पष्ट बोलते. मुकुटाच्या चार ठिपक्यांऐवजी दोनच उमटले असतील तर पिन वाकडी उतरते आहे. सगळ्या खुणा एकाच बाजूला सरकल्या असतील तर गाइड खुंट्या झिजल्या किंवा सैल झाल्या. खुणा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू फिक्या होत असतील तर प्लेट समांतर दाबली जात नाही. एकाच पॅडवर लांबट ओरखडा असेल तर पिन आडवा भार खाते आहे आणि लवकरच अडकणार.

खुणा व्यवस्थित असतील तर मग पिनेचे टोक बघा. सोनेरी दात्यांवर करड्या, मळकट चंदेरी रंगाचा गोळा दिसला तर ती सोल्डरमधली कथील आहे. दर दाबाला थोडी थोडी चिकटत जाते, तिच्यावर ऑक्साइड चढतो आणि रोध वाढतो. ब्रशने निघाली नाही तर पिन बदला. टोकही स्वच्छ असेल तर पिन हळूच दाबून सोडा. परत येताना रेंगाळली तर आतले घर्षण वाढले आहे.

पिन किती वेळा दाबली तरी टिकते?

टेस्ट प्रोब एक लाख ते दहा लाख दाब, चार्जिंगच्या पिना साधारण दहा हजारांपासून एक लाखापर्यंत. पण हे आकडे स्वच्छ पॅडवर, सरळ दाबून काढलेले असतात. फ्लक्सवाल्या बोर्डांवर टोक त्याआधीच मळते. म्हणून जिगला किती वेळा दाबली ते मोजणारा काउंटर लावा, एक ज्ञात चांगला बोर्ड बाजूला ठेवा आणि रोज कामाच्या सुरुवातीला तो लावून काही निवडक पिनांचा रोध नोंदवा. रोध चढू लागला की बोर्ड फेल व्हायची वाट न पाहता तेवढ्या पिना बदलता येतात. बदलताना त्याच जोराची स्प्रिंग घ्या. शेजारच्या पिनांपेक्षा जास्त जोराची घातली तर बोर्ड तेवढ्या जागी उचलला जातो आणि तक्रार शेजारच्या पिनेवर जाते.